वानखडे काका, माझ्याकडे पाच नावं मागितली होती

काका, तुम्ही चुकीच्या आठवड्यात गेलात. रागावू नका, पण हे आधी बोलून टाकते, नाहीतर पुढचं काही सुचणार नाही. सोमवारी आमच्या मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावलं. मआमीर भागातल्या आपल्या यार्डातलं काम कमी झालंय, अठरा हेल्परांपैकी पाच जणांना घरी पाठवायचंय, नावं रविवारपर्यंत दे, म्हणाला. "यू नो देम, सुजाता. यू हॅव देअर फाइल्स." मी मान डोलावली आणि बाहेर येऊन मनाशी ठरवलं, शुक्रवारी काकांना विचारायचं. बुधवारी सकाळी ड्यूटीच्या बससाठी बूट घालता घालता तुम्ही गेलात. दोनच दिवस राहिले होते हो शुक्रवारला.

नवऱ्याला विचारता आलं असतं. तो म्हणाला असता, दे नावं आणि मोकळी हो. मैत्रिणींनी सांगितलं असतं, तोंडावर राजीनामा फेक, आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या नोकरीवर गेल्या असत्या. अख्ख्या बहारीनमध्ये माझ्या ओळखीचा एकच माणूस होता ज्यानं स्वतःच्या हातानं अशी यादी लिहिली होती. त्याच माणसाला त्या यादीवरून मी चारचौघांत खाली मान घालायला लावली होती. आणि आता तोंड वर करून त्यालाच सल्ला विचारायला निघाले होते, अशी माझी तऱ्हा.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या गुदैबियाच्या फ्लॅटवर आलात तो दिवस आठवतो. दारात जयभीम म्हणालात आणि बसायच्या आधी भिंतीवरचं सॉकेट निरखायला लागलात. "हे कोनं जोडलं वं? त्याले धरून आना." माझा नवरा इंजिनिअर, आणि जोडणारा तोच. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मग तुम्ही स्वतःच पाना-पक्कड मागून घेतलीत, घरातली सगळी सॉकेटं तपासलीत आणि नंतरच पाणी प्यायलात. मूर्तिजापूरच्या बाजूचं तुमचं बोलणं आमच्या नाशिककडच्या कानांना सुरुवातीला मजेशीर वाटायचं. पुढे पुढे शुक्रवारी ते कानावर पडलं नाही तर सुटीचा दिवस पुरा झाल्यासारखा वाटत नसे.

कोरोनाच्या साली तुम्ही अस्करच्या बाजूला एका कंत्राटदाराच्या कॅम्पचे इनचार्ज होता. खोल्या, पाणी, आजारपण, भांडणं, सगळं तुमच्या गळ्यात. काम बंद पडलं तेव्हा कंपनीनं सांगितलं, बावीस माणसं कमी करायची, नावं तू दे. तुम्ही दोन दिवस घेतलेत आणि नावं दिलीत. ज्यांची नावं होती त्यांना ते कळलं बस दारात येऊन उभी राहिली तेव्हा. मला त्या वेळी एवढंच माहीत होतं, आणि माणसाला दोषी ठरवायला मला तेवढं पुष्कळ वाटलं होतं.

दोन वर्षांनी शुक्रवारच्या आपल्या अभ्यास वर्गात भाषणाची पाळी माझी आली. मल्याळी हॉटेलच्या वरचा तो हॉल, आधी वंदना, मग भाषण, मग प्रश्न. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय वक्त्याला चहा मिळायचा नाही, हा नियम तुमचाच. मी विषय घेतला होता दुसऱ्या महायुद्धातल्या ज्यू घेट्टोंचा. पोलंडमध्ये नाझींनी शहराचा एक कोपरा भिंत घालून बंद केला, त्यात ज्यू कोंबले आणि आत त्यांच्याच वडीलधाऱ्यांची एक समिती नेमली. ब्रेड कुणाला किती, काम कुणाला, खोली कुणाला, हे त्या समितीनं ठरवायचं. पुढे हुकूम आला की रोज इतकी माणसं गाडीत चढवायची. गाडी कुठे जाते ते कुणी सांगत नव्हतं. ती मरणाकडे जात होती. एका घेट्टोच्या प्रमुखाला वाटलं, आपण कामाचे ठरलो तर जगू. त्यानं कारखाने काढले, लोकांना राबवलं, आणि जेव्हा नाझींनी मुलं आणि म्हातारे मागितले तेव्हा सगळ्यांसमोर उभा राहून त्यानं आईबापांकडे त्यांची मुलं मागितली. दुसऱ्या एका शहरातल्या प्रमुखानं तसाच हुकूम आल्यावर विष घेतलं. मी पहिल्याला झोडपून काढलं आणि दुसऱ्याला डोक्यावर घेतलं. टाळ्या पडल्या, मी फुगले.

तेव्हा मागच्या रांगेतून तुम्ही उठलात. "सुजाता, ज्यानं विष घेतलं तो मोठा मानूस. पन दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावरची यादी कोनं लिहिली?"

मला उत्तर येत नव्हतं. "येत नाही" म्हणाले असते तर काही आभाळ कोसळलं नसतं. पण माझा पारा चढला. तुमच्या कॅम्पातले आठ-दहा जण त्या दिवशी हॉलमध्ये बसले होते, कारण ग्रुपवर निरोप टाकून त्यांना मीच बोलावलं होतं. त्यांच्याकडे बघत मी म्हणाले, "याचं उत्तर आपल्यातल्या ज्यानं यादी लिहिली आहे त्यानंच द्यावं." सगळ्या माना मागे वळल्या. तुम्ही पुढे आलात, किटलीतून कपात चहा ओतलात आणि माझ्या हातात दिलात. "घे. उत्तर मंग दे." लोकांना वाटलं काकांनी विषय हसण्यावारी नेला. मी तो कप तसाच टेबलावर ठेवला.

त्या एका वाक्याची किंमत तुम्ही मोजत होतात हे मला सहा महिन्यांनी कळलं, तेही तिसऱ्याच माणसाकडून. इनचार्ज असूनही तुम्ही वेगळी खोली घेतली नव्हती, सहा जणांत राहत होता. एका खोलीची एक मेस, आणि पाळीपाळीनं एकानं सगळ्यांचं रांधायचं, ही कॅम्पातली रीत. आजवर कुणी तोंडावर न आणलेली गोष्ट मी चारचौघांत काढली, आणि त्या शुक्रवारनंतर तुमच्या खोलीनं तुमची पाळी काढून टाकली. भांडण नाही, शिवीगाळ नाही. तुमच्या दिवशी दुसराच कुणी कांदे चिरत बसलेला आणि तुमचं ताट मांडलेलं नाही. ज्या माणसांबरोबर दहा वर्षं जेवलात त्यांच्या शेजारी बसून तुम्ही एकट्यापुरती खिचडी शिजवून खात होतात. मी फोन करून रडले तर तुम्ही हसायला लागलात. "तुह्या भाषनानं मले सैपाक शिकवला. पयले मले निरी वांग्याचीच भाजी येत होती." मी माफी मागायला फोन केला होता. तुमच्या हसण्यात ते राहून गेलं. पुढेही जमलं नाही, कारण दर वेळी आपण दोघं भांडायलाच बसायचो आणि भांडताना माफी मागायचा माझा स्वभाव नाही.

तुम्ही वर्गाला यायचं सोडलं नाहीत. दुसरा कुणी असता तर त्या हॉलची पायरी पुन्हा चढला नसता. तुम्ही पुढच्याच शुक्रवारी आलात आणि माझ्याकडून घेट्टोवरची ती जाड इंग्रजी पुस्तकं मागून नेलीत. पेन्सिलीनं खुणा करत, शब्दाशब्दाला अडत तुम्ही ती वाचलीत आणि मग तुमचे प्रश्न सुरू झाले. त्या प्रमुखाच्या घरी कोळसा होता का? त्याचं ताट कसं होतं? मी म्हणाले, बाकीचे उपाशी होते तेव्हा त्याच्याकडे घोडागाडी होती. "मंग तं गेला तो," तुम्ही म्हणालात. पण पुढच्या आठवड्यात तुमचं मत बदललेलं. त्याला शेवट ठाऊक नव्हता, आपल्याला ठाऊक आहे, आणि आपण शेवटाकडून मागे बघत त्याला शहाणपण शिकवतो, हे बरं नव्हे म्हणालात. मी म्हणाले, आई मूल देत नाही म्हणते तेव्हा कळण्यासारखं काय बाकी राहतं? पुढच्या शुक्रवारी तुम्ही नवं काहीतरी घेऊन आलात.

आमची प्राची ऐकत बसायची. नववीतली पोरगी, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत. एकदा तिनं विचारलं, "काका, इफ ही रिफ्यूज्ड, दे वुड हॅव शॉट हिम, नो?"

"हो बाप्पा. नाही म्हननाऱ्या काहींले मारलंच."

"देन व्हॉट वॉज द राइट थिंग?"

"मले मालूम असतं तं तुह्या मायसंग दर शुक्रवारी कायले भांडलो असतो?" ती खो खो हसली. तुमच्या बातमीनंतर दोन दिवस तिनं ती पुस्तकं कुणाला हलवू दिली नाहीत.

गेल्या हिवाळ्यातला अस्करचा दिवस मी कितीदा तरी आठवते. तुम्हाला कॅम्पवर सोडायला निघालो होतो, नवरा आणि प्राची पुढे होड्यांपाशी गेले आणि आपण कागदी कपात कडक चहा घेऊन किनाऱ्यावर उभे राहिलो. पाठीमागे अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्याचा धूर. मला त्या दिवशी चांगलं वागायची हुक्की आली होती. मी म्हणाले, "काका, तुमचीही त्या प्रमुखासारखीच कोंडी झाली होती. मी तेव्हा समजून घेतलं नाही."

इतक्या वर्षांत तुम्ही माझ्यावर चिडलात ते तेवढंच. "नाही. त्याइच्या डोक्यावर बंदूक होती, सुजाता. माह्या डोक्यावर काय होतं? एक मॅनेजर अन् त्याचा एसी. त्याइची मानसं मरनाच्या गाडीत चढली, माही मानसं इमानात बसून घरी गेली. मले भेव खुर्चीचं होतं. त्या लोकाइचं दुख माह्या पांघरुनाले नको वापरू." मी ओशाळले. आधी मी त्याच मेलेल्या माणसांची काठी करून तुमच्यावर उगारली होती, आणि आता त्यांचीच गोधडी करून तुमच्यावर घालायला निघाले होते. दोन्ही वेळा त्यांचं असं मी काहीच ऐकलं नव्हतं.

मग तुम्ही मी न विचारता सांगितलंत. तिघं तुमच्या तालुक्यातले होते, त्यांची नावं तुम्ही यादीत घातली नव्हती. आपले म्हणून. आणि बावीसांतल्या एकालाही आधी विचारलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. "लोकं बिथरतील असं वाटलं. मागून समजलं, मांगं राहिलेल्यातले पाच-सहा जन तं घरी जायालेच बसले होते. कोनाची माय अंथरुनावर, कोनाच्या पोरीचं लग्न. मी इचारलंच नाही." मी विचारलं, मग चूक कोणती, नावं दिली ही की न विचारता दिली ही? तुम्ही कप चुरगाळून खिशात घातलात. "अजून ठरत नाही. पन एक सांगतो, लिहिनाऱ्याले शिव्या देल्या का मागनारा सुटते. हे बी ध्यानात ठेव." मी म्हणाले, लिहिणारा मिळालाच नाही तर मागणारा काय करेल? "शुक्रवारी बोलू," म्हणालात. कितीतरी शुक्रवार बोललो, संपलं नाही.

त्याच सुमारास तुम्ही खोलीतल्या पाच जणांना समोर बसवून हे सगळं जसंच्या तसं सांगितलंत, तालुक्यातल्या तिघांसकट. ऐकून एक जण उठून बाहेर निघून गेला. आठवडाभरानं तुमचं ताट पुन्हा मांडलं गेलं. बाहेर गेलेल्यानंच ते मांडलं, हे तुम्ही मला दोनदा सांगितलंत. त्या बावीस जणांना तुम्ही एकेक करून फोन करत होता. काहींनी शिव्या दिल्या, काहींनी पोराबाळांची ख्यालीखुशाली सांगितली, दोघांसाठी तुम्ही खटपट करून दुसरीकडे व्हिसा मिळवलात. तेलंगणातल्या एकानं शेवटपर्यंत फोन उचलला नाही. माफी मिळाल्याचा बोभाटा तुम्ही कधी केला नाहीत, कारण ती पुरती मिळाली नव्हती हे तुम्हाला ठाऊक होतं.

गेल्या शुक्रवारी त्याच हॉलमध्ये तुमची आदरांजली सभा झाली. कॅम्पातून बसभर माणसं आली होती, जिन्यातही उभी होती. मला बोलायला उभं केलं. मी तुमच्या स्वभावाचे गोडवे गायले नाहीत. मी म्हणाले, याच जागी मला एका प्रश्नाचं उत्तर आलं नाही म्हणून मी एका माणसाकडे बोट दाखवलं होतं. उत्तर आजही येत नाही. बोट मात्र मागे घेते, आणि ज्यांच्यासमोर दाखवलं त्यांच्यासमोर त्या माणसाची माफी मागते. यादी बरोबर होती असं मी म्हणाले नाही, काका. तुम्हाला ते खोटं रुचलं नसतं. शनिवारी तुमची पेटी विमानात चढली. पेटीला खांदा द्यायला तुमच्या खोलीतले पाचही जण होते.

आणि रविवार उजाडला. नावं द्यायचा दिवस. फाइली माझ्यासमोर होत्या. अर्ध्या तासात पाच नावं निघाली असती, अगदी न्यायानं निघाली असती असंही मी स्वतःला पटवलं असतं. मी फाइली कपाटात ठेवल्या आणि जेवणाच्या सुटीत यार्डात गेले. शेडखाली अठरा जण डबे उघडून बसले होते. मी म्हणाले, "सुनिए, मुझसे पाँच नाम माँगे गए हैं. घर भेजने के लिए. आज ही देने हैं."

कुणी घास उचलेना. एक जण ताडकन म्हणाला, "तो फाइल से निकाल लो ना, हमारा मुँह क्यों देख रही हो?" बरोबर होतं त्याचं. मग बलिराम, गोरखपूरकडचा, सगळ्यात जुना माणूस, त्यानं विचारलं, "मैडम, बता रही हो कि पूछ रही हो?"

"दोनों," मी म्हणाले.

पुढचा तासभर जे झालं ते सभ्य नव्हतं. आरडाओरडा झाला, जुनी उणीदुणी निघाली, एकानं डबा आपटला. मला दोनदा वाटलं, काकांनी लपवलं तेच शहाणपणाचं होतं. मग बलिराम म्हणाला, "हमारा लिख लीजिए. बाबूजी का ऑपरेशन है, छुट्टी मिल नहीं रही थी. हमको तो जाना ही है." एका नेपाळी माणसानंही हात वर केला. त्याला गावात दुकान टाकायचं होतं आणि सांगायचा धीर होत नव्हता. दोन झाले. उरलेल्या तिघांवरून पुन्हा जुंपली. शेवटी त्यांच्यातूनच निघालं की उरलेल्या सोळा जणांनी पाळीपाळीनं बिनपगारी रजा घ्यायची, म्हणजे कोणत्याही वेळी तिघं सुटीवर असतील आणि कुणाचाच व्हिसा जाणार नाही. डबा आपटणाऱ्यानं सगळ्यात शेवटी सही केली, तीही मला दोन शब्द सुनावून.

मॅनेजरनं कागद वाचला. "आय आस्क्ड फॉर फाइव्ह नेम्स."

"दोन आहेत सर. बाकीच्या तीन नावांच्या जागी सोळा सह्या आहेत. तीन नावं मी लिहिणार नाही."

"हू टोल्ड यू टू टेल देम?"

मी सह्यांचं पान त्याच्यापुढे सरकवलं. तुमचं नाव त्याला काय कळणार होतं.

"अँड टुमॉरो, इफ दे आस्क मी फॉर अ नेम, अँड आय गिव्ह युअर्स?"

"द्या सर. फक्त मला आधी सांगा."

तो हसला नाही. पण त्यानं कागद फाडलाही नाही. एकेक सही बघत गेला, काहींचे तर अंगठेच होते. मग म्हणाला, "थ्री मंथ्स. देन वुई विल सी."

तीन महिन्यांनी तो पुन्हा मागेल, हे मला कळतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हाही येत नसेल, आणि मी नाही म्हणाले तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाला तरी बोलावतील. त्याही वेळी मी आधी यार्डात जाईन, एवढं ठरलंय. सध्या सोळा माणसांची नोकरी टिकली आहे आणि आपल्या रजेची तारीख त्यांना माहीत आहे. तुम्ही आज असता तर यातली खोट बरोबर काढली असतीत आणि आपण वाद घातला असता. तो वाद मला फार हवा होता.

आज सकाळी बलिराम ऑफिसात आला, तिकिटाचं विचारायला. गुरुवारी संध्याकाळचं मिळालंय. जाता जाता दारात थांबून म्हणाला, "मैडम, एयरपोर्ट छोड़ने आओगी ना?"

येते म्हणाले, काका. त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाले.